अग्निशमन दलाला हार नकोत, हिशेब हवा

सोलापूरला हौतात्म्य समजावून सांगावे लागत नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. त्या चौघांच्या पुतळ्यांना वळसा घालून या शहराची वाहतूक रोज चालते. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. त्यामुळे दर १४ एप्रिलला, राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिनी, धुऊनपुसून उभ्या केलेल्या बंबासमोर पाहुणे त्याग आणि बलिदानाबद्दल बोलतात तेव्हा ते इथल्या माणसाला आतून पटते.

तरीही मला वाटते की हे भाषण आता थांबायला हवे. चार हुतात्म्यांना परक्या सत्तेने मारले आणि ती सत्ता गेली. आगीत शिरलेल्या जवानाला कोण मारते? बहुतेक वेळा आपणच. जिन्यात रचलेली सुताची पोती, चोराच्या भीतीने खिडकीला ठोकलेली लोखंडी जाळी, माळा टाकून वाढवलेले गोदाम, बंब वळणार नाही अशी करून ठेवलेली गल्ली, न तपासताच फाइलला लागलेला दाखला. ही सगळी माणसांची कामे आहेत आणि ती करणारे आपल्याच शहरात, आपल्याच ओळखीत असतात. जवान गेला की आपण त्याला हुतात्मा म्हणतो, फोटोला हार घालतो आणि त्या क्षणी चौकशीची निकडच संपते. म्हणून माझी मागणी अगदी उलटी आहे. अग्निशमन दलाचा गौरव करायचा असेल तर त्याला आग लागण्याच्या आधी काम करण्याची ताकद द्या, आणि त्याच्या प्रत्येक जखमी जवानामागे कोणाची हयगय होती ते नाव घेऊन विचारा.

ज्या घटनेच्या स्मरणार्थ हा दिन पाळला जातो ती नीट पाहिली तरी हेच दिसते. १९४४ च्या एप्रिलमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही. १४ तारखेला दुपारी त्या गाठींतून धूर येऊ लागला. कापसाची गाठ कशी जळते हे सोलापूरकराला सांगायला नको. तिच्यावर ज्वाळा उठत नाही, ती आतल्या आत धुमसते. वरून पाणी मारले तर ते दाबलेल्या रुईवरून ओघळून जाते, गाभ्यातला निखारा तसाच राहतो. मुंबईच्या जवानांनी दोन तास त्या जहाजावर पाणी ओतले. जहाज ओढून बाहेर न्यायचे की जागीच बुडवायचे, याचा शेवटचा शब्द कोणाचा हेच तिथे जमलेल्या अधिकाऱ्यांत ठरलेले नव्हते. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांनी पाऊल मागे घेतले नाही हे खरे, आणि त्यापुढे मी नतमस्तक आहे. पण स्फोटकांशेजारी कापूस त्यांनी रचला नव्हता, आणि निर्णयही त्यांनी अडवून ठेवला नव्हता.

त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सोलापुरात १४ एप्रिलला निळ्या झेंड्यांनी रस्ते भरून जातात आणि अग्निशमन दलाचा कार्यक्रम त्या गर्दीत कुठेतरी उरकला जातो. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. कामगाराने यंत्रापाशी जिवंत राहावे यासाठी कायदा असतो, हा विचार ज्यांनी या देशात रुजवला त्यांत बाबासाहेब आहेत. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३८ व्या कलमात आगीपासून सुटण्याचे मार्ग कारखान्यात असलेच पाहिजेत असे लिहिले गेले. अडचण अशी, की यंत्रमागाचे कितीतरी छोटे कारखाने कामगारांच्या संख्येच्या अटीमुळे अशा कायद्याच्या बाहेरच राहत आले. जयंतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांचे आईवडील याच कारखान्यांत राबतात. त्या दिवशी कामगारांच्या सुरक्षेवर एक तास जाहीर बोलणे झाले तर दोन्ही स्मरणे एकत्र येतील.

काळबादेवीची आग अलीकडची आहे. ९ मे २०१५ रोजी मुंबईतल्या ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीत आग लागली आणि ती कोसळली. त्यात मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन आणि आणखी दोन अधिकारी, संजय राणे व महेंद्र देसाई, यांचा जीव गेला. प्रमुखच आत होता, हे या सेवेचे वेगळेपण आहे. या खात्यात हुद्दा वाढला म्हणून माणूस आगीपासून दूर जात नाही.

आता सोलापूरबद्दल.

१८ मे २०२५ ची पहाट. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात आग लागली. आठ माणसे गेली: मालक, त्यांच्या घरातली माणसे, दीड वर्षाचे एक मूल, आणि कारखान्यात राहणारे कामगार. खाली माग, गोदाम आणि वर घर. सोलापुरात ही रचना इतकी सर्रास आहे की त्या दिवसापर्यंत तिच्याकडे कोणी धोका म्हणून पाहिलेच नव्हते. जवान आत जाण्याचा रस्ता शोधत होते, भिंत फोडत होते, धुराने मागे फिरत होते. त्यांच्यातलेही काही भाजले. सगळी माणसे हाती लागेपर्यंत दिवसाचे कितीतरी तास उलटले होते.

त्यानंतर शहरात जे बोलले गेले ते मी अनेक तोंडांनी ऐकले आहे. बंब उशिरा आला, पाणी संपले, जवानांना धाडस नव्हते. पहिल्या दोन तक्रारींची चौकशी व्हायलाच हवी. तिसरी मात्र ज्याने सुताच्या गोदामातली आग जवळून पाहिलेली नाही तोच करू शकतो.

टॉवेलचे कापड म्हणजे सुताच्या उभ्या फासांची दाट लव. प्रत्येक फासाभोवती हवा असते, म्हणून तो ओल शोषतो आणि म्हणूनच भडकतोही. मागाच्या सांगाड्यावर, छताच्या कैचीवर, विजेच्या वायरींवर कापसाचा बारीक तंतू दिवसभर साचत राहतो. ठिणगी पडली तर ज्वाळा त्या तंतूवरून सरसर धावत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. मग तयार मालाचे ढीग पेटतात, कृत्रिम धागा वितळू लागतो आणि काळा धूर खाली उतरतो. आगीत बहुतेक माणसे जळून मरण्याआधी या धुराने मरतात, आणि झोपेत असलेल्याला तो जागे होण्याचीही संधी देत नाही. आत जाणाऱ्या जवानाच्या पाठीवरच्या बाटलीतली हवा कागदोपत्री अर्धा-पाऊण तास पुरते. जिना चढत, पाइप ओढत, हाताने भिंत चाचपत जाणाऱ्या माणसाला ती त्याच्या बरीच आधी संपते. साडेचार हजार लिटरचा बंब दोन पाइप पूर्ण सोडले तर दहा मिनिटांच्या आत रिकामा होतो. आणि हे सगळे मे महिन्यातल्या सोलापुरात, जिथे नुसते उन्हात उभे राहिले तरी जीव घाबरा होतो. अशा ठिकाणी धाडस पुरेसे होते की नाही, हा प्रश्न फार उशिराचा आहे. बाहेर पडायला दुसरा दरवाजा होता का? राहत्या मजल्यावरून गोदाम टाळून थेट जमिनीवर उतरणारा जिना होता का? नसेल तर तो नसताना ही इमारत वर्षानुवर्षे चालू कशी होती? माझ्या मते चौकशी इथून सुरू व्हायला हवी, बंबाच्या वेळेपासून नाही.

कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. इमारतीतली आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘बी’ नमुन्यातला दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन दलाकडे द्यायचा असतो. नोटीस देण्याचे, प्रसंगी वीज-पाणी तोडून जागा बंद करण्याचे अधिकारही या कायद्यात आहेत. म्हणजे दलाच्या हातात पाइपाइतकेच महत्त्वाचे दुसरे हत्यार आहे, ते तपासणीचे.

ते चालते कसे हे पाहा. तपासणीला जाणारा अधिकारी तोच असतो जो रात्री आगीची वर्दी आली की बंबावर चढतो. राज्यातल्या बहुतेक महापालिकांच्या अग्निशमन दलांत मंजूर पदे रिकामी आहेत आणि अनेक जागा कंत्राटी पोरांवर चालवल्या जातात. अपुऱ्या माणसांत आग आणि तपासणी यांतले एक निवडायची वेळ आली की तपासणी मागे पडते, हे उघड आहे. ती झाली आणि नोटीस निघाली तर पुढाऱ्याचा फोन येतो. फोन न जुमानणारा अधिकारी असला तर बदलीची चर्चा सुरू होते. आणि ज्या अधिकाऱ्याच्या नोटिशीमुळे एखादी आग लागलीच नाही, त्याचा सत्कार करायला कोणी येत नाही, कारण न लागलेल्या आगीची बातमी होत नाही. या दलाच्या सेवेचा सर्वांत मोठा भाग असा अदृश्य आहे. शौर्यपदक आगीतून माणूस ओढून काढणाऱ्याला मिळते आणि मिळायलाच हवे. पण गोदामाच्या मालकाचा राग पत्करून दुसरा जिना बांधायला लावणाऱ्या केंद्र अधिकाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचवलेले असू शकतात.

यावर यंत्रमागवाल्यांचे उत्तर मला माहीत आहे, आणि ते मी हलक्यात घेत नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाने विजेचे बिल भरत नाही. सुताचे भाव वर-खाली होतात, बाहेरचा स्वस्त माल बाजार खातो, कितीतरी माग भंगारात गेले. जो तग धरून आहे त्याने वेगळे घर भाड्याने घेतले तर राखणदार ठेवावा लागतो. म्हणून तो कारखान्यावरच राहतो. लांबून आलेल्या कामगारालाही तिथेच पथारी टाकायला मिळते, त्याचे भाडे वाचते. उद्या महापालिकेने सगळ्यांना टाळे ठोकले तर यंत्रमागावर जगणाऱ्या पूर्व भागातल्या हजारो चुली विझतील. हे खरेच आहे. १९९० च्या दशकात गिरण्या बंद पडल्यावर या शहराने काय भोगले ते पाहिलेला माणूस टाळे हा शब्द सहज उच्चारणार नाही.

पण कायदा पाळणे म्हणजे टाळे, असे समीकरण मांडणे हीच लबाडी आहे, आणि ती मालकांइतकीच प्रशासनही करते. नोटीस देताना सगळे एकदम मागितले की काहीच होत नाही, याची दोघांनाही सोय असते. आधी जीव, मग माल, असा क्रम लावा. जिथे माणसे झोपतात तिथून बाहेर पडायचा स्वतंत्र रस्ता, आतून सहज उघडणाऱ्या जाळ्या, धूर कळताच वाजणारे यंत्र आणि दर आठवड्याला तंतू झाडून काढण्याची सक्ती, एवढे तरी तातडीने व्हावे. यासाठी कारखाना विकावा लागत नाही. पाण्याची मोठी टाकी आणि पंप एकट्याला परवडणार नाही हे मान्य. मग दहा-वीस कारखान्यांच्या ओळीला मिळून एक करावी. त्यात एमआयडीसीने आणि महापालिकेने वाटा उचलावा. १९९२ च्या हद्दवाढीने शहर चहूबाजूंनी पसरले. त्या पसरलेल्या शहराकडून कर घेतला जातो, तर पाणी आणि बंब तिथपर्यंत वेळेत पोहोचवणे हे त्या कराच्या पावतीतच आले.

पाण्याचा मुद्दा सोलापुरात वेगळा आहे. मुंबईत रस्त्यावरच्या जलमुखाला पाइप जोडता येतो, तिथे पाणी असण्याची शक्यता असते. आपल्याकडे उजनीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून येते आणि नळाला काही दिवसांआड सुटते. ज्या नळीत आज पाणीच नाही तिच्यावर कितीही सुंदर जलमुख बसवले तरी त्याचा उपयोग शून्य. म्हणून इथल्या दलाला प्रत्येक मोठ्या आगीत टँकरवर जगावे लागते, आणि टँकर भरून परत येईपर्यंत आग पुढे सरकलेली असते. दुसरीकडे शहराच्या मध्यावर सिद्धेश्वर तलाव आहे, विजापूर रस्त्याला संभाजी तलाव आहे, उत्तरेला हिप्परग्याचा तलाव आहे, पेठांमध्ये जुन्या विहिरी आहेत. या प्रत्येक ठिकाणी बंब मागे घेऊन थेट उपसा करता येईल असा पक्का उतार आणि कायम मोकळी जागा हवी. पूर्व भागात आणि एमआयडीसीत फक्त आगीसाठी राखीव भूमिगत टाक्या हव्यात. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या देशातल्या पहिल्या यादीत सोलापूरचे नाव आले तेव्हा शहराला केवढा आनंद झाला होता. त्या पैशांतून रस्ते झाले, मैदाने सजली. आगीसाठीच्या पाण्याचा प्रश्न त्या चर्चेत कधी केंद्रस्थानी आला नाही, याची मला खंत आहे.

गल्ल्यांबद्दल थोडक्यात सांगतो. चाटी गल्लीत, मधला मारुतीच्या आसपास, नवी पेठेत दिवाळीच्या आठवड्यात चालत जाऊन पाहा. कापडाचे गठ्ठे दुकानाबाहेर, वर कनाती, खाली हातगाड्या, मध्ये दुचाकी. तिथे बंब शिरणार नाही हे व्यापारी, ग्राहक, वाहतूक पोलीस, सगळे जाणतात. आग लागली तर जवान मुख्य रस्त्यावरून खांद्यावर पाइप टाकून धावतील आणि कोणीतरी मोबाइलवर त्यांचे चित्रण करील.

काही जण म्हणतील, तपासणी वाढवली की चिरीमिरी वाढेल. भीती खरी आहे. तिच्यावर उपाय तपासणी कमी करणे हा नाही. कागद उघडा करणे हा आहे. कोणत्या कारखान्याचा, मंगल कार्यालयाचा, रुग्णालयाचा, शिकवणी वर्गाचा ‘बी’ दाखला आला आणि कोणाचा आला नाही, याची यादी विभागीय कार्यालयात फळ्यावर लावा. आईवडील शिकवणीची फी भरण्याआधी ती वाचतील. कामगार संघटना वाचेल. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता. मे २०२५ ला आठ माणसे जळाली तेव्हा सभागृहात उभे राहून जाब विचारणारा एकही नगरसेवक नव्हता. अशा वेळी नागरिकाच्या हातात निदान ही यादी असायला हवी होती.

पैशांचे म्हणाल, तर केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत लिहिलेली आहे, त्यामुळे अंतिम जबाबदारी महापालिकेची. गाड्या आणि शिड्या विकत घेण्याचा सोस सगळ्यांनाच असतो, कारण त्यांचे लोकार्पण करता येते. माणसांची भरती, त्यांचे प्रशिक्षण, धूर खाल्लेल्या फुप्फुसांची दरवर्षी तपासणी, कंत्राटी जवानाला कायम जवानाइतकाच विमा, यांची फीत कापता येत नाही म्हणून ती कायम मागे राहतात. जो पोरगा कमी पगारावर, वर्षा-वर्षाच्या करारावर त्याच धुरात शिरतो, त्याच्या घरच्यांना उद्या काय मिळणार हे त्याला आज लेखी ठाऊक असले पाहिजे.

आणि दल फक्त आगीला जात नाही. विहिरीत पडलेले माणूस, मांजात अडकलेला पक्षी, अपघातात चेपलेल्या ट्रकची केबिन, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत शोभेच्या दारूकामाची रात्र, पूर. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेचे पाणी गावांत शिरले तेव्हा जिल्ह्याने बोटींची वाट कशी पाहिली ते आठवा. शहराच्या हद्दीबाहेर कुंभारीला कामगारांच्या हजारो घरांची वसाहत उभी राहिली आहे. तिथे वर्दी आली तर नजर शहराच्याच दलाकडे जाणार. एकाच दलावर एवढी कामे टाकणारे शहर त्याच्या रिकाम्या पदांची संख्या वर्षातून एकदाही मोठ्याने विचारत नाही.

म्हणून येत्या १४ एप्रिलचा कार्यक्रम बदला. ६६ जवानांना आदरांजली वाहा, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहा. मग मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना माइक द्या आणि त्यांना वर्षाचा हिशेब वाचू द्या: किती जागा तपासल्या, किती नोटिसा दिल्या, किती पाळल्या गेल्या, कोणाच्या फोनमुळे किती थांबल्या, मंजूर पदांपैकी किती रिकामी आहेत, वर्दी मिळाल्यापासून घटनास्थळी पोहोचायला किती वेळ लागला, किती जवान जखमी झाले आणि ज्या आगींत ते जखमी झाले त्यांपैकी कितींत बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग नव्हता. आयुक्तांनी आणि लोकप्रतिनिधींनी समोर बसून ते ऐकावे आणि तिथेच उत्तर द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. ‘बी’ दाखले महापालिकेकडेच जमा होतात, वर्दीची नोंदवही केंद्रातच असते. येणाऱ्या जुलैच्या दाखल्यांपासून यादी फळ्यावर लावायला सुरुवात करा, आणि पहिली यादी अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीची असू द्या.